गाळा रिकामा राहत नाही

‘डबा’ या शब्दाचा अर्थ आज वर्गात विचारला, तर मुले जेवणाचा डबा सांगतील. फार झाले तर आगगाडीचा. तिसरा अर्थ कोणालाच सांगता येणार नाही, आणि तो सांगता येत नाही याचा मला मराठीचा अध्यापक असूनही आनंद वाटतो. काही शब्द कोशात गेलेलेच बरे.

आमच्या आज्यांच्या तोंडी हा शब्द आवाज खाली आणून यायचा. ‘अमकीच्या पोराला डबा झाला.’ एवढे म्हटले की बायकांच्या घोळक्यात क्षणभर कोणी बोलत नसे. पोराला ताप, खोकला. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालायची, बरगड्यांखाली खळगा पडायचा, पोट उडायचे, नाकपुड्या फुलायच्या, आणि दूध ओढायची ताकद संपायची. मग कोणी बिब्बा घाला म्हणे, कोणी तापल्या सुईने पोटावर डाग द्या म्हणे. बऱ्याच घरांत दोन-तीन दिवसांत निकाल लागे. माझ्या आईच्या पाठची एक बहीण अशी गेली. तिचे नाव कोणत्याही कागदावर नाही. आई आता ऐंशीला टेकली आहे. तिच्या आठवणीत ती ‘डब्यात गेलेली’ एवढीच उरली आहे.

या डब्यालाच डॉक्टर न्यूमोनिया म्हणतात. त्याची कारणे एक नव्हेत. पण लहान मुलांच्या बाबतीत त्यातला एक मोठा गुन्हेगार म्हणजे न्यूमोकोकस नावाचा जंतू. १८८१ साली पॅरिसला पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग या दोघांनी एकमेकांना न विचारता तो शोधून काढला. सूक्ष्मदर्शकाखाली तो दोन-दोनांच्या जोडीने दिसतो; आपल्याकडे जोडगोळी म्हणतात तसा. छातीत शिरला तर न्यूमोनिया, कानात शिरला तर कान फुटणे, रक्तात शिरला तर सर्वांगाला विषार, आणि मेंदूच्या आवरणाला भिडला तर जो आजार होतो त्यातून वाचलेले मूल पुष्कळदा बहिरे होऊन उठते.

आपल्या महाराष्ट्राने या रोगाशी एक झुंज फार साध्या हत्याराने दिली आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत गेले. तिथे गावातले आरोग्यसेवक आणि अक्षरओळख नसलेल्या सुइणी यांना त्यांनी मुलाचे श्वास मोजायला शिकवले. आकडे येत नाहीत? मग मणी सरकवून मोजा. श्वास फार जलद असले की गावातच औषध सुरू करायचे, डॉक्टरची वाट पाहायची नाही. १९९० साली या कामाचा अहवाल ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि या उपायाने बालमृत्यू खाली येतात हे जगाने मान्य केले. वाचकांतल्या आयांनी तो हिशेब पाठ करून ठेवावा असा आहे: दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि वर्षापुढे पाचापर्यंत ४० किंवा अधिक झाले, की घरगुती काढे बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. मूल शांत असताना पूर्ण मिनिट मोजायचे. रडत असताना नव्हे.

हे झाले रोग आल्यावरचे. मला आज सांगायचे आहे ते रोग येऊ नये म्हणून टोचतात त्या लसीविषयी, आणि तेही सरळपणे नव्हे, तर त्या लसीविरुद्ध मार्केट यार्डात निघालेल्या एका हरकतीच्या निमित्ताने.

माझा एक जुना विद्यार्थी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागात आडत चालवतो. बी. ए.ला मराठी घेऊन कांद्याच्या आडतीवर बसणाऱ्याला लोक हसतात; पण हा गृहस्थ लिलावाच्या वेळी जी भाषा बोलतो ती ऐकल्यावर शिक्षण अगदीच वाया गेले असे मला वाटत नाही. भाद्रपदात मी कांदे घ्यायला गेलो होतो. (किलोभर कांद्यासाठी एवढ्या लांब जातात का, असे आमच्या घरात विचारले जाते. उत्तर असे की कांदा हे निमित्त असते.) हमाल पोती उतरवत होते, तोलणार वजने पुकारत होता, पलीकडून कुठून तरी मिरचीचा खाट येऊन दर दुसरा माणूस खोकत होता. गल्ल्यावर बसलेला माझा विद्यार्थी मात्र गप्प होता. त्याची पहिली मुलगी तेरा आठवड्यांची झाली होती. न्यूमोकोकसच्या लसीचा पहिला डोस दिला होता, दुसरा पुढच्या आठवड्यात होता. आणि त्याने मोबाईलवर काही वाचले होते.

“सर, ही लस दहा जातींच्या जंतूंवर चालते म्हणे. आणि जंतूच्या जाती आहेत शंभर. दहा गेल्या की बाकीच्या नव्वद त्यांच्या जागी येतात, असं परदेशात झालंय. आता तुम्हीच सांगा, या यार्डात गाळा कधी रिकामा राहतो का? एक आडत्या उठला की दुसरा सतरंजी टाकून बसलाच. मग पोरीला टोचायची कशाला?”

हरकत पोकळ नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. लसीच्या विरुद्ध बोलणारा तो अडाणी, असे समजण्याची आम्हा शिकलेल्यांना खोड आहे. याने वाचलेली गोष्ट खरी होती. तिच्यातून काढलेला निष्कर्ष खरा आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि त्यावर एका तान्ह्या पोरीची छाती अवलंबून होती.

तेव्हा मुळापासून पाहू.

या जोडगोळीच्या अंगावर साखरेच्या जातीच्या द्रव्याचा एक जाड कोट असतो. त्या कोटामुळेच आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या हाती ती सापडत नाही. कोट काढून घेतला तर जंतू जवळजवळ निरुपद्रवी ठरतो. हा कोट सर्वांचा सारखा नसतो. त्याच्या विणीवरून जंतूचे वाण पाडलेले आहेत आणि त्यांना अंक दिले आहेत: १, ३, १४, १९ एफ, १९ ए, २३ एफ असे. आजपर्यंत शंभराहून अधिक वाण ओळखले गेले आहेत. अडचण अशी की शरीर कोटावरून शत्रू ओळखते. १४ ची ओळख पटलेले शरीर १९ ए समोर आला तर त्याला हटकतेच असे नाही. १९११ साली दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत मजूर न्यूमोनियाने पटापट मरत, तेव्हा आल्मरॉथ राइट या नामांकित डॉक्टरने त्यांना लस टोचून पाहिली. तिचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. वाणांचा हा घोळ तेव्हा पुरता ध्यानात आलेला नव्हता.

पुढे १९८३ पर्यंत तेवीस वाणांच्या कोटांची लस मोठ्या माणसांसाठी तयार झाली. पण दोन वर्षांखालच्या बाळाचे शरीर नुसत्या साखरेची दखलच घेत नाही. मग शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. साखरेचा हा तुकडा एका प्रथिनाला जोडून दिला. पुष्कळ लसींत हे प्रथिन म्हणजे घटसर्पाच्या विषाचा निर्विष केलेला अवतार असते. प्रथिन दिसले की बाळाचे शरीर जागे होते आणि त्याच्यासोबत आलेल्या पाहुण्याचा चेहराही लक्षात ठेवते. मात्र अशी जोडणी प्रत्येक वाणासाठी वेगळी करावी लागते, ती अवघड आणि खर्चाची असते. म्हणून शंभरच्या शंभर वाण एका सुईत बसत नाहीत. जे अधिक मुले मारतात ते आधी निवडायचे.

अमेरिकेत २००० साली सात वाणांची अशी पहिली लस आली. रक्तापर्यंत किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोचणारा न्यूमोकोकसचा गंभीर रोग तोवर तिथे पाच वर्षांखालच्या दर लाख मुलांत वर्षाला सुमारे ९९ जणांना होई. सात वर्षांत तो आकडा सुमारे २४ वर आला. आणखी एक गोष्ट अशी घडली की ती वाचून मला आमच्या आईची आठवण झाली. ही लस न टोचलेल्या पासष्ट वर्षांपुढच्या माणसांतही त्या सात वाणांचा रोग नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. कारण या जंतूचे खरे कोठार म्हणजे लहान मुलांचे नाक. मूल धडधाकट असते, खेळत असते, आणि त्याच्या नाकाच्या मागच्या बाजूला हे बिऱ्हाड करून राहिलेले असतात. नातवाचा पापा घेणाऱ्या आजीला मिळतात ते तिथूनच. नातवाला टोचले आणि आजी वाचली.

इथवर सारे गोड. आता माझ्या विद्यार्थ्याचा मुद्दा.

सात वाण हटले, तसे मुलांच्या नाकातले त्यांचे गाळे रिकामे झाले, आणि ते खरोखरच रिकामे राहिले नाहीत. नाक तपासून पाहिले तर जंतू बाळगणाऱ्या मुलांची संख्या फारशी कमी झालेली नव्हती. वाण तेवढे बदलले होते. त्यांत १९ ए हा वाण पुढे सरसावला. तो लसीत नव्हता आणि वर अनेक औषधांना दाद देत नव्हता. अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या मुलांत तर लसीबाहेरच्या वाणांचा रोग इतका वाढला की लसीचा सुरुवातीचा बराचसा नफा त्याने खाऊन टाकला. २०१० साली तेरा वाणांची लस आली, तिच्यात १९ ए घेतला होता. तो खाली आला. मग इंग्लंडात मोठ्या वयाच्या माणसांत ८, १२ एफ, ९ एन हे वाण वर येऊ लागले. फ्रान्सात मुलांत २४ एफ.

वर्तमानपत्रे अशा वेळी ‘जंतूंनी लसीला चकवले’ असा मथळा देतात. भाषेचा मास्तर म्हणून मला तो खटकतो. जंतूला बुद्धी नाही, तो कोणाला चकवत नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसलेला एक वाण तिथे आधीपासून होताच. दांडगे शेजारी उठल्यावर त्याला पाय पसरायला जागा मिळाली, इतकेच. दुसरा प्रकार मात्र खरोखर अजब आहे. न्यूमोकोकस आपला कोट बदलू शकतो! शेजारच्या मेलेल्या जंतूचे आनुवंशिक द्रव्य उचलून तो त्याच्या कोटाची वीण आपल्या अंगी आणतो. १९२८ साली लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथने हे उंदरांवर पाहिले होते: कोट नसलेले जिवंत जंतू आणि कोट असलेले, पण उष्णतेने मारलेले जंतू एकत्र टोचले, तर उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात कोट घातलेले जिवंत जंतू सापडले. हे द्रव्य म्हणजे डीएनए, हे १९४४ साली न्यूयॉर्कला एव्हरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवले. आज शाळेतली पोरे डीएनएचा जिना काढतात, त्याची पहिली पायरी या न्यूमोनियाच्या जंतूने बांधलेली आहे. अमेरिकेत लस आल्यावर हेच नाकात घडलेले दिसले: ४ या वाणाच्या एका वंशाने १९ ए चा कोट चढवला आणि तो लसीच्या तावडीतून सुटला. आणखी एक वाण, ३ नंबरचा, लसीत असूनही पुरता हटत नाही. पाल शेपूट टाकून पळते, तसा तो आपल्या जाड कोटाचा भाग सोडून देतो आणि रक्षक त्या कोटाशीच झटापट करत बसतात.

मी हे सारे सांगितले तेव्हा माझा विद्यार्थी म्हणाला, “म्हणजे माझंच खरं.”

“अर्धं,” मी म्हणालो. “अरे, तू एवढी वर्षं इथे आहेस. एखादा जुना, दांडगा आडत्या गाळा सोडून गेला आणि त्या जागी नवा आला, तर पहिल्या दिवसापासून त्याचा तेवढाच व्यापार होतो का?”

“छे! जागा घेतली म्हणजे पेढी चालली, असं नसतं.”

तेच उत्तर आहे. नाकात राहणे वेगळे आणि रक्तात घुसणे वेगळे. सर्व वाण नाकात राहतात. पण त्यांतले थोडेच हाड मोडण्याइतके आक्रमक असतात. लसीत निवडले जातात ते हेच. त्यांच्या जागी जे येतात, त्यांतले बरेचसे नाकात सुखाने नांदतात आणि पुढे फारसे सरकत नाहीत. म्हणून नाकातली अदलाबदल जवळजवळ पुरी होते, पण रोगातली होत नाही. ९९ चे २४ झाले त्या २४ मध्ये हे नवे आलेले धरलेले आहेत. वजाबाकी करूनच तो आकडा आहे. मोठ्या माणसांत नफा याहून कमी पडतो आणि काही देशांत, काही वयांत तो बराच आटतो. हे लपवण्यात अर्थ नाही. पण तान्ह्या मुलांच्या खात्यावर शिल्लक मोठी राहते.

आणि गाळे बदलतात त्याचा सारा दोष लसीवर टाकणेही बरोबर नव्हे. १९ ए कोरियात आणि इस्रायलात लस रुजण्याआधीच वाढू लागला होता. सर्दीला आणि साध्या खोकल्याला औषधाच्या दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या दोन दिवस घेऊन उरलेल्या कपाटात ठेवणारी जी आपली पांढरपेशी वहिवाट आहे, तीही औषधाला न जुमानणाऱ्या वाणांना गाळे मिळवून देत असते. त्याबद्दल मात्र मोबाईलवर कोणी लिहीत नाही.

मग उपाय काय? उपाय असा की लस टोचून झोपी जायचे नाही. कोण कुठल्या गाळ्यात आला यावर नजर ठेवायची आणि लसीतली यादी बदलत राहायची. या बदलत्या यादीचा एक मोठा अध्याय मार्केट यार्डापासून फार लांब नाही, हडपसरलाच लिहिला गेला. तिथली सीरम इन्स्टिट्यूट १९६६ सालची. अमेरिका-युरोपच्या दोन कंपन्यांच्याच हाती असलेली ही लस गरीब देशांना परवडत नव्हती, तेव्हा सीरमने पाथ या संस्थेबरोबर दहा वाणांची लस बनवायला घेतली. आधी बाजारात असलेल्या दहा वाणांच्या परदेशी लसीत ४ आणि १८ सी हे वाण होते. पुण्याच्या लसीतून ते वगळले आणि त्यांच्या जागी ६ ए आणि १९ ए घेतले; आशिया-आफ्रिकेतली मुले ज्यांनी आजारी पडतात, ते वाण पाहून ही निवड केली. तेच ते १९ ए, ज्याने अमेरिकेला धडा शिकवला! आफ्रिकेतल्या गॅम्बिया देशात तिची मोठी चाचणी झाली. डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला पात्र ठरवले, आणि डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यूमोसिल’ नावाने ती भारतात आली. गरीब देशांसाठी डोसाची किंमत दोन डॉलर ठेवली होती. पुढे २०२२ साली हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीच्या चौदा वाणांच्या लसीलाही आपल्याकडे परवाना मिळाला.

सरकारी लसीकरणात ही लस २०१७ साली हिमाचल प्रदेशात आणि बिहार, उत्तर प्रदेशाच्या काही जिल्ह्यांत सुरू झाली होती. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात, ती पाच राज्यांपुरती न ठेवता देशभर नेण्याची घोषणा झाली. वर्षाला पन्नास हजारांवर बालमृत्यू टळतील, असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नववा महिना, असे तीन डोस. महानगरपालिकेच्या दवाखान्यात पैसे पडत नाहीत. खाजगीत अधिक वाणांची लस घ्यायची तर काही हजार रुपये लागतात. ज्याला परवडते त्याने बालरोगतज्ज्ञाला विचारून घ्यावी; पण तेराची घ्यायची ऐपत येईपर्यंत दहाची लांबवणे हा हिशेब माझ्या डोक्यात बसत नाही. डबा व्हायचा तो पुष्कळदा पहिल्या वर्षातच होतो.

हा सारा संवाद पोत्यांच्या चढउतारीत, तीन कप चहा आणि एक लिलाव यांच्या मध्ये मध्ये झाला. मी उठलो तेव्हा त्याने विचारले, “आणि अण्णांचं काय?” अण्णा म्हणजे त्याचे वडील. वय बहात्तर, चाळीस वर्षे पोत्यांच्या धुळीत काढलेली, बिडी अजून सुटलेली नाही. वर इंग्लंडातली गोष्ट सांगितली ती अशाच माणसांची आहे. मुलांच्या लसीने रिकाम्या केलेल्या गाळ्यांत जे वाण येतात, त्यांचा उपद्रव म्हाताऱ्या, थकल्या छातींना अधिक. म्हणून अमेरिकेत २०२४ साली एकवीस वाणांची एक लस केवळ मोठ्या माणसांसाठी मंजूर झाली. तिच्यात मुलांच्या लसीतले बरेच जुने वाण मुद्दाम वगळले आहेत आणि आता मोठ्यांत दिसणारे घेतले आहेत. आपल्याकडे अण्णांना मिळू शकतात त्या मोठ्यांच्या लसींतली कोणती घ्यायची, हे त्यांची छाती तपासणाऱ्या डॉक्टरनेच ठरवावे. मराठीच्या मास्तरने तिथे थांबावे. मी एका ओळखीच्या छातीच्या डॉक्टरचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले.

पुढच्या आठवड्यात पोरीचा दुसरा डोस झाला. रात्री थोडा ताप आला, सकाळी गेला. तिसरा फाल्गुनात येतो. दसऱ्याला सोने द्यायला तो घरी आला होता. आईने पोरीला मांडीवर घेतले आणि बराच वेळ तिच्या छातीकडे पाहत राहिली. ती काय मोजत होती ते मी विचारले नाही. अण्णांची चिठ्ठी मात्र अजून गल्ल्यातच आहे. दिवाळीची गर्दी ओसरली की जातो म्हणतात.